रिकाम्या डब्याचे फोटो

चार महिन्यांत माझ्या मुलीचं वजन पंधरा किलो उतरलं आणि त्यातले पहिले तीन महिने मी खूश होते. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं की आईला सगळं पहिल्यापासून कळत होतं. काही कळत नव्हतं. मी तिला दोन मापं लहान पँट आणून दिली होती आणि ती नीट बसली म्हणून तिचा पाठमोरा फोटो काढून नणंदेला पाठवला होता.

घरात तिला सगळे चेंडू म्हणतात. हे नाव माझ्या भावाने ठेवलं. ती सव्वा वर्षाची असताना पलंगावरून पडली, घरंगळत दारापर्यंत गेली आणि तिथे बसून हसायला लागली. भाऊ म्हणाला, "हा चेंडू आहे, ह्याला काही होत नाही." नाव चिकटलं. शाळा संपेपर्यंत तिला ते आवडायचं. नंतर नुसती ओ द्यायची.

आता ती सव्वीस वर्षांची आहे. अँब्युलन्स हवी असली की लोक ज्या नंबरवर फोन करतात, तिथे ती फोन घेते. एकदा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना ती जागा दाखवली होती तेव्हा मी पाहून आले. एक लांबट खोली, बारा टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन स्क्रीन, कानाला लावायचं यंत्र, आणि भिंतीवर मोठं घड्याळ, ज्याच्याकडे कुणी बघत नाही पण किती वाजलेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे पहिला प्रश्न 'काय झालं' हा नसतो. पहिला प्रश्न 'कुठे' हा असतो. फोन मध्येच तुटला तर निदान गाडी तरी निघावी म्हणून. पत्ता ऐकायचा, तो मोठ्याने परत म्हणायचा, समोरच्याने हो म्हटलं की मग पुढचं. ही सवय तिने घरीही आणली. मी बाजारातून फोन केला की ती आधी विचारायची, "कुठे आहेस? दुकानाचं नाव सांग." मग मी काय म्हणते ते ऐकायची. तिचे बाबा म्हणायचे, "आता हिच्याकडे भाजीसुद्धा पत्त्यासकट मागावी लागणार."

आणखी एक रीत तिथली. खुर्ची रिकामी सोडायची नाही. बदली माणूस येऊन मागे उभा राहतो, "घेतली" म्हणतो, तेव्हाच बसलेला उठतो. जेवायला, बाथरूमला, काहीही असो. जेवण टेबलावर चालत नाही, त्याला वेगळी खोली आहे. मोबाइलही टेबलाखालच्या कपाटात ठेवायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ती दुपारी जेवायचीच नाही. डबा तसाच परत यायचा. संध्याकाळी घरी आली की हात धुवायच्या आधी उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायची, मग दुसरा. मी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोक माझ्या कानात रडतात गं, घरी आले की तोंडाला काहीतरी काम लागतं." त्या वर्षात ती साठाची अडुसष्ट किलो झाली. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, नियम करून तो पाळून घ्यायची मला सवय आहे. मी नियम केला. दुपारी एक वाजता जेवायचं आणि दोनच्या आत रिकाम्या डब्याचा फोटो मला पाठवायचा. फोटो नाही आला तर मी मेसेज करणार.

"आई, मी काय बालवाडीत आहे का?"

"बालवाडीतली मुलं डबा संपवतात."

ती हसली आणि तयार झाली. फोटो येऊ लागले. स्टीलचा चौकोनी डबा, आत पुसल्यासारखा लख्ख, झाकण शेजारी उलटं ठेवलेलं. कधी एखादा दाणा कोपऱ्यात, कधी चमचा आडवा. दोन वर्षं हे चाललं. दीड-पावणेदोनला फोन वाजला की माझा जीव खाली बसायचा आणि मी पुस्तकांकडे वळायचे.

मग चार महिन्यांपूर्वी एक दिवस ती कामावरून आली, अंघोळ केली आणि म्हणाली, भूक नाही. कुणालाही नसते एखाद्या दिवशी. मी पोटात गडबड असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने अर्धी वाटी भात खाल्ला. डब्याचा फोटो मात्र वेळेवर आला होता, डबाही रिकामा होता. तेव्हा मी ठरवलं, पोरीने मनावर घेतलंय.

महिन्याभरात तिचे गाल उतरले. दुसऱ्या महिन्यात पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. नणंदेकडे जेवायला जमलो होतो, तिथे तिला सगळ्यांनी उभं करून पाहिलं.

"चेंडूतली हवा कुणी काढली?" भाऊ म्हणाला.

"ए, काय खातेस ते सांग, मीपण खाते," नणंद म्हणाली.

"आत्या, तुला नाही झेपायचं."

"मला? अगं तीन वेळा डाएट केलंय मी."

"म्हणूनच म्हणते."

सगळे हसले. तीही हसली. तिच्या ताटात एक उकडलेला बटाटा होता, तो तिने चमच्याने इतका बारीक केला होता की खाल्ला की नुसता पसरवला ते कळत नव्हतं. मी हे पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हटलं, शाबास, कुणाच्या आग्रहाला बळी पडत नाही. तिसऱ्या महिन्यात मी स्वतःहून डब्यात तेल कमी केलं, तिला मदत म्हणून.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. नव्या लिफ्टची चाचणी घेताना आत माणसांऐवजी लोखंडी ठोकळे ठेवतात, वीस-वीस किलोचे. ते उचलून उचलून त्यांच्या हाताला वजनाचा अंदाज बसलाय. एकदा चेंडू माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढली, स्टूल डुगडुगलं, ह्यांनी तिला कमरेला धरून खाली उतरवलं. रात्री मला म्हणाले, "एका ठोकळ्याचा पाऊण हिस्सा गेलाय तिच्यातला. ही गंमत नाही."

"अहो, बारीक झालीये ती."

"बारीक होणं वेगळं. तिला खाली ठेवताना माझ्या हाताला काही लागलंच नाही."

मला राग आला त्यांचा. पोरीने जन्मात पहिल्यांदा कौतुक मिळवलंय आणि ह्यांना ठोकळे आठवतात. पण त्यानंतर मी बघायला लागले. बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका. उन्हातही तिच्या बोटांची टोकं गार. कपाटातला तिचा पॅडचा पुडा दोन महिने तसाच, फोडलेलासुद्धा नाही. जेवताना ती घास तोंडात घ्यायची आणि थांबायची, मान किंचित कलती करून, जणू शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय. मग पाणी पिऊन तो घास ढकलायची. एकदा जेवताना माझा मोबाइल वाजला. तिने तोंडातला घास तळहातावर काढला, मूठ मिटली आणि स्वच्छ आवाजात मला म्हणाली, "घे ना. कोण आहे?"

ती मूठ मी विसरू शकत नाही. फोन माझ्या बहिणीचा होता. मी काय बोलले आठवत नाही.

"हे काय केलंस?" मी नंतर विचारलं.

"काय केलं?"

"घास काढलास तोंडातून."

"खडा लागला."

त्याच आठवड्यात तिच्या डब्याच्या झाकणाचं रबर सैल झालं. आतलं सगळं पिशवीत सांडायला लागलं. बाबांनी कामावरून निळ्या रबराची पट्टी आणली, कापून गोल केली आणि पांढऱ्या कड्याच्या जागी बसवली. जाड निळी कड, दुरून दिसावी अशी. मी म्हटलं, जरा बरा रंग नाही का मिळाला? ते म्हणाले, लिफ्टच्या दाराला रंग बघून रबर लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला फोटो आला. लख्ख रिकामा डबा, शेजारी उलटं झाकण. झाकणाला पांढरी कड.

मी ग्रंथालयाच्या टेबलाशी बसले होते. समोर एक मुलगी पुस्तक परत करायला उभी होती. मी तिला थांबायला सांगितलं आणि फोनवरचे फोटो मागे मागे सरकवत गेले. कोपऱ्यातला एकच दाणा तीन वेगवेगळ्या तारखांना त्याच कोपऱ्यात होता. आडवा चमचा पाच वेळा एकाच कोनात होता. झाकणावर पडलेल्या दिव्याचा ठिपकाही तोच. सगळे मिळून अकरा फोटो. चार महिने ती तेच अकरा फोटो मला आलटून पालटून पाठवत होती, आणि मी रोज जीव खाली बसवून घेत होते.

पण डबा रोज रिकामा परत येत होता. मग अन्न जात होतं कुठे?

तिला फोन करून विचारण्यात अर्थ नव्हता. ज्या पोरीने चार महिने न चुकता वेळेवर खोटं पाठवलं, ती फोनवर खरं सांगणार नव्हती. मी शाळेतून लवकर निघाले आणि तिच्या कामाच्या जागेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. पाळी संपायला अर्धा तास होता. पाच मिनिटं आधी एक जाड भिंगाचा चष्मा घातलेली गोलमटोल मुलगी बाहेर आली. मला मागे सगळी टेबलं दाखवायला हीच आली होती, चेंडूच्या शेजारी बसते. तिने मला ओळखलं.

"काकू, तुम्ही? बरं झालं भेटलात. किती दिवस सांगायचं होतं, तुमच्या हाताला काय चव आहे."

"माझ्या हाताला?"

"मी रोज खाते ना. ती म्हणते आई दोन डबे देते, एक मी आधीच संपवला. बघा काय झालंय माझं तुमच्या कृपेने." तिने पोटावर हात ठेवला. "हल्ली मात्र तेल कमी घालता."

मी काहीतरी हसल्यासारखं केलं. फाटकाचा गज धरला. तिला वाटलं मी दुसऱ्या कशासाठी घाबरलेय. आवाज खाली आणून ती म्हणाली, "काकू, परवाचं टेन्शन घेऊ नका. चौकशी आहे म्हणजे लगेच नोकरी जात नाही. रेकॉर्डिंग ऐकवतील, विचारतील, झालं. त्या दिवशी बदलीवाली दीड तास उशिरा आली, ही बिचारी टेबलावरच दोन घास खात होती, त्यात तो फोन..." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला ती बोलली नाही?"

"बोलली," मी म्हणाले. "बोलली मला."

घरी आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. टेबलावर मधोमध डबा, निळी कड वर करून. बाबा दाराला टेकून उभे होते.

"परवा काय आहे?" मी विचारलं.

तिने डब्याकडे पाहिलं, मग निळ्या कडेवरून बोट फिरवलं. तिला कळलं. खोटं पकडलं गेल्याचं तिला जरासुद्धा वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट तिचे खांदे खाली आले.

तिने सांगितलं ते असं. त्या दिवशी एकची बदली आलीच नाही. दीड झाला, दोन झाले. दोन वाजता माझा पहिला मेसेज आला: जेवलीस का? सव्वादोनला दुसरा: फोटो? फोटो काढायला म्हणून तिने मोबाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवला होता आणि डबा मांडीवर उघडला होता. दोन्ही नियमाबाहेर. अंडं नि पाव होता. अडीचला तिने मोठा घास घेतला, लवकर संपवावं म्हणून, आणि त्याच वेळी फोन आला. एका म्हाताऱ्या माणसाची बायको जेवताना खुर्चीतून कोसळली होती. तिने घास गालात सारून 'कुठे' विचारलं. त्याने रस्ता सांगितला, वस्तीचं नाव सांगितलं. तिला ठसका लागला. कानात त्याच्या खोकला जाऊ नये म्हणून तिने आपला आवाज बंद केला आणि खोकली. तेवढ्यात तो इमारत सांगून गेला. तिला ऐकूच आलं नाही. तो फोन तसाच ठेवून बायकोकडे धावला. गाडी पुढच्या इमारतीपाशी जाऊन उभी राहिली.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली. "त्या बाई वाचल्या. पण त्यांना आता बोलता येत नाही. त्यांच्या मुलाने तक्रार केली. आई, मी घास चावत होते आणि त्यांची वाचा गेली."

तिने डबा बाजूला सरकवला. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घास तोंडात होता तेव्हाच तुझा तिसरा मेसेज आला."

मी फोन उघडून पाहिला नाही. पाहायची गरज नव्हती. काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं. चेंडू, अडीच वाजले.

"तू मला काही म्हणाली का नाहीस?" मी विचारलं.

"काय म्हणू? जेवलीस का विचारणाऱ्या आईला काय म्हणतात?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेले, गप्प बसायच्या अटीवर. वजन त्रेपन्न भरलं. बाईंनी रक्त घेतलं, नाडी मोजली, आणि पहिल्या वर्षीच्या बिस्किटांबद्दलही विचारलं.

"ताण तोच होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा तो तुला खायला लावत होता, आता घशाशी बसलाय. काहींचं पहिलं होतं, काहींचं दुसरं. तुझं दोन्ही झालं." मग माझ्याकडे वळल्या. "वजन उतरलं म्हणून घरात टाळ्या वाजल्या असतील?"

"हो," मी म्हणाले.

"वाजतात. चढलं की विचारायला येतात, उतरलं की कुणी विचारत नाही." त्यांनी कागदावर लिहून दिलं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आग्रह नाही. घरी वजनकाटा नाही. बोलायला एका समुपदेशकाचा नंबर. "पन्नासच्या खाली गेली तर मी दाखल करून घेईन. मग नाही म्हणायचं नाही."

म्हणजे हातात तीन किलो होते.

चौकशीला बरोबर एका माणसाला नेता येत होतं. मला वाटलं ती बाबांना म्हणेल. ती म्हणाली, "आई, तू ये. तू ऐकायला हवंस." ती हे प्रेमाने म्हणाली की नाही ते मला सांगता येणार नाही. निघताना बाबांनी माझ्यापुढे हात केला. "फोन इथे ठेवून जा." मी दिला.

छोटी खोली. एक अधिकारी, आणि तिची पाळीप्रमुख, पिकल्या केसांची, आखूड बोलणारी बाई. कॉम्प्युटरला दोन स्पीकर लावलेले. चेंडू सकाळपासून फक्त पाणी प्यायली होती. तिचे हात मांडीवर होते आणि पँट, मी आणलेली दोन मापं लहान पँट, गुडघ्यांवर ढगळ होती.

रेकॉर्डिंग सुरू झालं. माझ्या मुलीचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. सपाट, शांत, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बाईचा वाटावा असा. "कुठे आहात?" त्या माणसाने शाळेसमोरचा रस्ता सांगितला, पाण्याच्या टाकीजवळची वस्ती सांगितली. मग घर्र, घर्र असा दोनदा आवाज आला. टेबलावर ठेवलेला मोबाइल थरथरतो तसा. अधिकाऱ्याने कागदावर काहीतरी लिहिलं. खोलीत तो आवाज कुणाचा आहे हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

त्यानंतर तिचा आवाज नाही. म्हातारा मात्र बोलतोय, स्पष्ट बोलतोय: "मागची इमारत, तिसरा मजला, लवकर या." मग काहीतरी आपटल्याचा आवाज. मग शांतता. मी ती मोजली नाही.

मग ती परत आली. "कोणती इमारत? परत सांगा." उत्तर नाही. तिने गाडीला रस्ता आणि वस्ती सांगितली, निघा म्हणाली. मग पुन्हा, "काका, फोन उचला. कोणी आहे का तिथे?" पुन्हा. पुन्हा. दर वेळी त्याच पट्टीत, एक शब्दही न वाढवता. सात वेळा. सातव्यांदा एका बाईचा दमलेला आवाज आला, शेजारीण असावी, "हॅलो, कोण?" आणि चेंडू म्हणाली, "कोणती इमारत?" "मागची. मागची, तिसरा मजला." "मागची इमारत, तिसरा मजला. बरोबर?" "हो, हो." तिने ते गाडीला सांगितलं. मग शेजारणीला म्हणाली, त्यांना कुशीवर वळवा, तोंडातलं अन्न बोटाने काढा, काही प्यायला देऊ नका, मी इथेच आहे.

पाळीप्रमुखांनी तिथे थांबवलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. "किती झाले?"

चेंडूने पाहिलं. मग स्क्रीनजवळ वाकली. "एक चाळीस."

"एक मिनिट चाळीस सेकंद. तू तुझ्या लेखी जबाबात किती लिहिलंस?"

"नऊ."

"नऊ मिनिटांनी गाडी पोचली. फोन आल्यापासून. तक्रारीत तेच लिहिलंय आणि तू तेच उचललंस. बाकीची सात मिनिटं नि वर जे काही आहे ते रस्त्याचं आहे. गाडी पुढच्या इमारतीपाशी थांबलीच नव्हती."

"ही शेजारीण," चेंडू म्हणाली, "ही मला आठवतच नव्हती."

"एक चाळीस तुझे आहेत," पाळीप्रमुख म्हणाल्या. "मी खोटं सांगणार नाही. त्याने काय फरक पडला असता ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, मी विचारलंय. टेबलावर जेवलीस, फोन ठेवलास, त्याची लेखी समज मिळेल. बदलीवाली दीड तास आली नाही तरी मी दुसरं माणूस दिलं नाही, त्याची मला मिळेल."

चेंडूने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, "एक चाळीस," जणू पत्ता परत म्हणून खात्री करून घेत होती.

बाहेर आल्यावर आम्ही फाटकाजवळच्या बाकावर बसलो. माझ्या पिशवीत एक केळं होतं. ते काढावं की नाही, ह्यावर मी तिथे जेवढा विचार केला तेवढा लग्नाच्या वेळीही केला नसेल. काढलं नाही.

"तुझा मेसेज ऐकलास ना?" तिने विचारलं.

"ऐकला."

"मला वाटलं तू म्हणशील, मी काय वाईट केलं."

"म्हणणार होते."

ती हसली नाही, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. हाड लागलं.

त्यानंतर काही एका दिवसात सरळ झालं नाही. पहिल्या आठवड्यात वजन आणखी सातशे ग्रॅम उतरलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नुसतं लिहिलं, आणि तो आकडा मी घरी घेऊन आले. बाबांनी मात्र आल्या आल्या पेचकस काढला आणि दाराच्या घंटीची वायर सोडवली. जेवायच्या वेळी तिघांचे मोबाइल बंद करून ते आपल्या हत्यारांच्या पेटीत टाकायला लागले, वर झाकण. "वीस मिनिटं ही लिफ्ट बंद," ते म्हणायचे. "कुणी अडकलं असलं तर अडकू दे."

त्या वीस मिनिटांत पहिल्या दिवशी तिने अर्धं अंडं खाल्लं. घास घेतला की मान अजून कलायची. मग वाजण्यासारखं काही नाही हे तिला आठवायचं आणि जबडा हलायचा. मी माझ्या ताटाकडे बघत बसायचे. तिच्या तोंडाकडे न बघता जेवणं मला सव्वीस वर्षांत प्रथमच करावं लागत होतं. माझं स्वतःचं खाणं त्या दिवसांत किती झालं ते मला सांगता येणार नाही.

कामावर आता एक वाजता बदली येते. डबा मी तसाच देते, तेल पूर्वीसारखं. फोटोचा नियम मी मोडला. दुपारी दोन वाजले की ग्रंथालयात माझा हात आपोआप फोनकडे जातो. मी तो हात पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवते. पहिल्या दिवशी मी 'जेव' एवढं टाइप करून पुसलं. दुसऱ्या दिवशी फोन कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली शिपाईमावशीकडे दिली. मावशी म्हणाली, "बाई, आत काय सोनं आहे का?" तिसऱ्या आठवड्यात वजन दोनशे ग्रॅम वर आलं. दोनशे ग्रॅम म्हणजे एक पेला पाणी, हे मलाही कळतं.

आज दोन वीसला फोन वाजला. मावशीकडून किल्ली आणून तो कपाटातून काढला. फोटो होता. तोच डबा, निळी कड. आत अर्धा भात, अर्धा खाल्ल्याची खूण, मधे चमचा रुतवलेला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मीही काही लिहिलं नाही.

संध्याकाळी ती आली, डबा धुवायला टाकला, पाणी प्यायली.

"उरलेला चष्मेवालीने खाल्ला," ती म्हणाली. "म्हणाली, काकू मीठ विसरल्या."

"विसरले का?"

ती पेला विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "विसरलीस. पहिल्याच घासाला कळलं मला."